तो हिमवर्षाव नव्हे, दहिवर

मा. संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

दरवर्षी डिसेंबरच्या अखेरीस थंडीचा कडाका वाढू लागला की मराठी वृत्तपत्रांत एक बातमी हमखास येते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात हिमवर्षाव झाला, पर्यटकांनी गाड्यांच्या टपांवरचा बर्फ खरवडून गोळा केला, असा तिचा मजकूर असतो आणि सोबत पांढऱ्या पडलेल्या गवताचे छायाचित्र असते. त्याच बातमीच्या शेवटच्या ओळीत किमान तापमान पाच किंवा सहा अंश सेल्सिअस नोंदले गेल्याचेही छापलेले असते. पाणी शून्य अंशाला गोठते हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. मग सहा अंशांना बर्फ झाला कसा, हा प्रश्न बातमीत कुणी विचारत नाही आणि त्याचे उत्तरही कुणी देत नाही. मी अनेक वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. हिवाळ्यात अशा बातम्यांची कात्रणे घेऊन मुले माझ्याकडे येत आणि नेमके हेच विचारत. त्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर मांडावे आणि त्या अनुषंगाने आपल्याला एक विनंती करावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सर्वप्रथम शब्दाविषयी. हिमवर्षाव म्हणजे ढगातून होणारी वृष्टी. उंचावरील ढगात, शून्याखालच्या तापमानात बाष्पाचे स्फटिक तयार होतात, ते एकमेकांना चिकटून वाढतात आणि जड झाले की खाली येतात. काश्मीरमध्ये आणि हिमाचलात पडतो तो हा हिम. महाबळेश्वरला थंडीत पहाटे जे दिसते ते आकाशातून पडलेले नसते; ते जिथे दिसते तिथेच, गवताच्या पात्यावर किंवा गाडीच्या पत्र्यावर, रात्रभरात तयार झालेले असते. दोन्हींना लागणारी परिस्थितीही परस्परविरुद्ध आहे. हिमवर्षावाला ढग लागतात, तर याला निरभ्र आकाश लागते. रात्री ढग आले तर पहाटे पांढरा कणही दिसत नाही. म्हणून हिमवर्षाव हा शब्द केवळ ढोबळ आहे असे म्हणून चालत नाही, तो चूक आहे. ‘दवबिंदू गोठले’ हा दुसरा मथळा त्यापेक्षा बरा असला तरी तोही पुष्कळदा अर्धाच खरा असतो, त्याकडे पुढे येतो.

आपल्या भाषेत या गोष्टीसाठी दहिवर हा सुंदर शब्द आहे. जुन्या कवितेत तो साध्या दवासाठीही येतो, पण शाळेच्या भूगोलात दव, धुके आणि दहिवर अशी तीन नावे शेजारी शेजारी शिकवली जातात आणि तिथे दहिवराचा अर्थ नेमका हाच आहे. हिंदी भाषक शेतकरी याला ‘पाला’ म्हणतात. हा शब्द आपल्याकडे जसाच्या तसा उचलला की घोटाळा होतो, कारण मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने. घरचा शब्द हाताशी असताना तो वापरावा, इतकेच माझे म्हणणे आहे.

आता ते तयार कसे होते ते पाहू. दिवसभर जमीन सूर्याकडून उष्णता घेते आणि रात्रंदिवस ती अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडत असते. उष्णतेच्या वहन, अभिसरण आणि प्रारण या तीन वाटांपैकी ही तिसरी वाट. सूर्य मावळल्यावर जमा बंद होते आणि खर्च मात्र चालूच राहतो. आकाशात ढग असतील तर ते यातील बरीचशी उष्णता शोषून पुन्हा जमिनीकडे पाठवतात, हवेतले बाष्पही थोड्या प्रमाणात हेच काम करते. परंतु आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर परत येणारी उष्णता फारच कमी असते आणि जमिनीचा पृष्ठभाग झपाट्याने थंड होत जातो. इथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की थंड होण्याची सुरुवात हवेपासून होत नाही. आधी गवताचे पाते, पान, पत्रा अशा वस्तू थंड होतात आणि मग त्यांना टेकलेली हवा त्यांच्यामुळे थंड होते. वारा असेल तर वरची तुलनेने उबदार हवा खालच्या हवेत मिसळत राहते आणि पृष्ठभाग फार खाली उतरू शकत नाही. वारा पडला की हे मिसळणे थांबते आणि जमिनीलगत थंड हवेचा एक पातळ थर साचतो. एरवी उंच जावे तसे थंड होत जाते, अशा रात्री मात्र जमिनीपासून काही अंतरापर्यंत उलट घडते: खाली थंड आणि वर उबदार. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात.

बातमीतल्या सहा अंशांचे कोडे इथेच सुटते. हवामान केंद्रावरचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो आणि ती पेटी जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर असते. ऊन आणि प्रारण यांपासून तापमापकाचा बचाव व्हावा आणि जगभरच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता याव्यात म्हणून ही पद्धत ठरलेली आहे आणि ती योग्यच आहे. पण ती नोंद त्या उंचीवरील हवेची असते, गवताच्या पात्याची नसते. शांत, निरभ्र रात्री या दोन ठिकाणांत चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो.

हे पुस्तकातले वाक्य मी मुलांना वर्षानुवर्षे सांगत होतो; निवृत्तीनंतर एका जानेवारीत ते स्वतः करून पाहिले. माझ्या चुलत भावाचे वेण्णेच्या खोऱ्यात स्ट्रॉबेरीचे शेत आहे. रात्री आठच्या सुमारास मी बांधाजवळच्या खांबाला छातीच्या उंचीवर एक तापमापक टांगला आणि त्याच्याच जोडीचा दुसरा गवताच्या शेंड्यांवर आडवा ठेवला. तेव्हा दोन्हींत जेमतेम दोन अंशांचा फरक होता. पहाटे पावणेसहाला विजेरी घेऊन गेलो, तेव्हा खांबावरचा तापमापक साडेचार दाखवत होता आणि गवतावरचा शून्याच्या खाली एक. त्या तापमापकाच्या काचेवरच बारीक पांढरी लव उगवली होती, ती बोटाने पुसल्याशिवाय आकडा वाचता आला नाही. भाऊ म्हणाला, “दादा, रेडिओवर तर पाच सांगितलं होतं.” रेडिओने चूक सांगितले नव्हते. पाच अंश कुठले, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

पृष्ठभाग थंड झाल्यावर त्यावर काय जमते, हे हवेतील बाष्पावर ठरते. हवा जसजशी थंड होते तसतशी तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता कमी होते, आणि एका ठरावीक तापमानाला ती संपृक्त होते. शास्त्रात दवबिंदू म्हणतात तो या तापमानाला, गवतावरच्या थेंबाला नव्हे. हे तापमान शून्याच्या वर असेल तर आधी पाण्याचे थेंब जमतात, ते दव. नंतर पृष्ठभाग शून्याच्या खाली गेला तर तेच थेंब गोठतात आणि काचेच्या मण्यांसारखे पारदर्शक दिसतात. ‘दवबिंदू गोठले’ हे वर्णन या प्रकाराला लागू पडते. परंतु हवा कोरडी असेल तर पृष्ठभाग शून्याखाली जाईपर्यंत संपृक्तता येतच नाही आणि ती आली की बाष्प पाण्याची पायरी गाठल्याशिवाय थेट बर्फाच्या स्फटिकांच्या रूपात बसते. खरे पांढरे दहिवर ते हे. त्याचा पांढरेपणा रंगामुळे येत नाही. असंख्य बारीक स्फटिकांच्या पैलूंवरून प्रकाश सर्व दिशांना विखुरला जातो म्हणून ते पांढरे दिसते. ते भिंगातून एकदा अवश्य पाहावे. पात्याच्या कडेवर आणि पानावरच्या लवेच्या टोकांवर स्फटिक आधी धरतात, कारण कडा आणि टोके लवकर थंड होतात आणि त्यांना चहूबाजूंनी बाष्प मिळते. पानाच्या मधल्या शिरेजवळ ते सर्वांत उशिरा येतात. त्या पहाटे बांधावरच्या कोळ्याच्या जाळ्याचा एकेक धागा सुतळीएवढा जाड झालेला मी पाहिला. सूर्य डोंगरावर आला आणि दहा मिनिटांत ते जाळे पुन्हा दिसेनासे झाले.

महाबळेश्वर १,३०० मीटरहून अधिक उंचीवर आहे, म्हणून तिथे थंडी जास्त, हे खरेच. पण मग दहिवर गावाच्या बाजारपेठेत किंवा उंचावरच्या पॉइंटांवर न दिसता त्यांच्याहून सखल असलेल्या वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या बाजूला का दिसते? थंड हवा जड असते. रात्री उतारांवर थंड झालेली हवा पाण्यासारखीच खाली वाहते आणि खोलगट जागी साचते. वेण्णेचे हे खोरे तशीच एक परात आहे. वरच्या पठारावर वारा खेळत असतो, गावात इमारती, झाडे आणि माणसांची ऊब असते, आणि खाली परातीत रात्रभर निवांत थंडी भरत राहते. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातील तोरणमाळ आणि अक्कलकुवा तालुक्यातील डाब येथेही हिवाळ्यात गवत पांढरे होते, त्यामागेही उंची, निरभ्र आकाश आणि डोंगरांनी वेढलेल्या सखल जागा यांचाच मेळ असतो.

१८४२ साली साताऱ्याच्या छत्रपतींनी बांधून घेतलेला वेण्णा तलाव स्वतः मात्र गोठत नाही. पाण्याचा साठा दिवसाची उष्णता मोठ्या प्रमाणात धरून ठेवतो आणि वरचा थर थंड झाला की तो खाली जातो व खालचे उबदार पाणी वर येते. नौकाविहाराच्या धक्क्याच्या फळ्यांवर मात्र दहिवर साचते, कारण त्या फळ्या पाण्यापासून आणि जमिनीपासून तुटलेल्या असतात. गाडीच्या टपाचेही तसेच आहे: पत्रा पातळ, त्याच्याजवळ उष्णतेची शिल्लक नाही, खालून जमिनीची ऊब पोहोचत नाही आणि वर सबंध आकाश उघडे. तीच गाडी झाडाखाली उभी केली तर टप कोरडा राहतो. गवताखाली अडकलेली हवा जमिनीची ऊब वर येऊ देत नाही, म्हणून गवत पांढरे होते आणि शेजारची पायवाट तशीच राहते.

या तत्त्वाचा उपयोग आपल्या देशात विज्ञानाने ते समजावून सांगण्याच्या कितीतरी आधीपासून होत होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील सर रॉबर्ट बार्कर यांनी अलाहाबादेत बर्फ कसा तयार करतात याचे वर्णन १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. उघड्या मैदानात उथळ, रुंद खड्डे खणून त्यांत उसाची चिपाडे किंवा मक्याची वाळलेली ताटे पसरत, त्यावर सच्छिद्र मातीच्या उथळ तबकड्या मांडत आणि संध्याकाळी त्यांत उकळून गार केलेले पाणी ओतत. रात्र शांत आणि निरभ्र असली तर सूर्योदयापूर्वी त्यांत बर्फ धरलेला असे, आणि त्या भागातील तळ्यांत किंवा टाक्यांत मात्र बर्फ कधी पाहिला नाही असे बार्कर यांनी नमूद केले आहे. चिपाडे जमिनीची ऊब अडवत आणि पाणी आपली उष्णता उघड्या आकाशाला देऊन टाकी. ते बर्फ करणारे कारागीर अनामिक राहिले, पण वारा आणि ढग यांचा अंदाज त्यांना आजच्या कित्येक बातम्यांपेक्षा पक्का होता.

यामागचे कारण नीट मांडले ते लंडनमधील वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स यांनी, दवावरील १८१४ सालच्या निबंधात. त्यांनी लोकरीचे पुंजके रात्रभर उघड्यावर ठेवून दव तोलले, गवतावर आणि हवेत तापमापक ठेवून निरभ्र रात्री गवत हवेपेक्षा कितीतरी थंड असते हे दाखवले. नाजूक रोपांवर माळी पातळ चटई टाकतात, एवढ्याशा चटईने हवेची थंडी कशी अडेल, असे त्यांना पूर्वी वाटे. मग त्यांनी गवतात चार काटक्या रोवून त्यांवर सहा इंच उंचीवर एक झिरझिरीत रुमाल ताणून बांधला आणि त्याखालचे गवत शेजारच्या उघड्या गवताहून स्पष्टपणे उबदार असल्याचे त्यांना आढळले. रुमाल गवताला टेकलेला नव्हता आणि बाजू मोकळ्या होत्या, तरीही त्याने गवत आणि आकाश यांच्यामध्ये आडपडदा धरला होता. अर्ध्या ज्ञानाच्या अभिमानाने आपण माळ्यांना हसत होतो, अशी कबुली त्यांनी त्याच निबंधात दिली. मला विज्ञानाच्या इतिहासातील ही कबुली फार मोलाची वाटते आणि वर्गात मी ती दरवर्षी सांगत असे.

पर्यटकांना दहिवर पाहून आनंद होतो आणि तो व्हावाही, परंतु ज्याचे शेत त्या परातीत आहे त्याच्यासाठी ती पहाट वेगळी असते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा फुलण्या-फळण्याचा मुख्य काळ आणि दहिवराचा काळ एकच आहे. उमललेले फूल उणे एक अंशाच्या आसपास दगावते. पांढऱ्या पाकळ्या तशाच टवटवीत राहतात, मधला पिवळा भाग मात्र दुपारपर्यंत काळा पडतो, आणि लांबून पाहणाऱ्याला नुकसान झाल्याचे कळतही नाही. त्या फुलाचे फळ होत नाही. पानांत पेशींच्या मधल्या जागेत बर्फाचे स्फटिक वाढतात, ते पेशींतील पाणी ओढून घेतात आणि पेशींची पटले फाटतात. म्हणून बर्फ वितळल्यावर पान आधी उकडल्यासारखे दिसते आणि मग काळवंडते. हवा अतिशय कोरडी असेल तर पांढरे काहीही न दिसता हेच घडते, आणि ते अधिक घातक असते, कारण बाष्पाचे दहिवर होताना दर ग्रॅममागे सुमारे ६८० कॅलरी उष्णता मोकळी होते आणि तेवढाच थंड होण्याचा वेग मंदावतो. कोरड्या रात्री तोही आधार नसतो.

निफाडकडचे द्राक्ष बागायतदार थंडीच्या लाटेत पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि पाणी सोडतात. दोन्ही उपाय योग्य आहेत, मात्र ते कशामुळे काम करतात हे माहीत असले तर अधिक नीट करता येतात. ओला पालापाचोळा जाळून दाट धूर करण्याची पद्धत आहे, पण धुराचे कण फार बारीक असल्यामुळे जमिनीतून निघणारे अवरक्त किरण त्यांना अडवता येत नाहीत. उपयोग होतो तो जाळाच्या उष्णतेचा. तीही एका मोठ्या जाळाने साधत नाही, कारण मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते आणि तिच्या जागी भोवतालची थंड हवा आत येते. पुष्कळ लहान शेकोट्या बागभर विखुरलेल्या असाव्यात. आदल्या दिवशी जमीन ओली केली तर ती दिवसा अधिक उष्णता साठवते आणि रात्री ती वर पोहोचवते. तुषार सिंचनाने रोपांवर सतत पाणी उडवत राहिले तर एक ग्रॅम पाणी गोठताना सुटणाऱ्या ८० कॅलरी फुलाला शून्याच्या आसपास धरून ठेवतात. पण सूर्य उगवून बर्फ वितळू लागेपर्यंत ते थांबवता कामा नये. मध्येच वीज गेली आणि पाणी बंद पडले तर ओल्या पानावरून होणारे बाष्पीभवन दर ग्रॅममागे सुमारे ६०० कॅलरी ओढून घेते आणि न भिजवलेल्या शेतापेक्षाही जास्त नुकसान होते. माझ्या भावाकडे एका पहाटे नेमके हेच घडले होते. तेव्हापासून तो साध्या पांढऱ्या आच्छादनाचे कापड तारेच्या कमानींवरून गादीवाफ्यांवर ओढतो. दोनशे वर्षांपूर्वी वेल्स यांनी चार काटक्यांवर बांधलेला रुमाल तो हाच.

म्हणून माझी विनंती दोन गोष्टींपुरती आहे. एक, आपल्या दैनिकात या घटनेला हिमवर्षाव न म्हणता दहिवर म्हणावे. दुसरी विनंती मला अधिक महत्त्वाची वाटते. थंडीच्या दिवसांत किमान तापमानाचा आकडा छापताना तो जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवरील हवेचा आहे, एवढी एक ओळ सोबत द्यावी, आणि त्या रात्री आकाश निरभ्र राहून वारा पडण्याचा अंदाज असेल तर तोही द्यावा. हवामान खात्याच्या काही केंद्रांवर गवतालगतचे किमान तापमान वेगळे नोंदले जाते. जिथे ते उपलब्ध असेल तिथे ते शेजारच्या रकान्यात छापता येईल. पाच अंश, निरभ्र, वारा नाही, इतके वाचले तर खोऱ्यातला शेतकरी रात्री झोपण्यापूर्वी कापड ओढून घेईल.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
जि. सातारा